तळपायाचं कुरूप की कॅन्सर? दिसायला सारखं, पण फरक ओळखता येतो

मी नागपूरला सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं झाली आता, आणि ड्रेसिंगला बसलेला माणूस पाय पुढे करून हमखास म्हणतो, "सिस्टर, कुरूप हाये जी, किती डाव कापलं ब्लेडनं, पण जातच नाही." बहुतेकांचं ते कुरूपच असतं, पण एखाद्याचं नसतं आणि त्या एखाद्यासाठीच हे लिहितेय.

कुरूप म्हणजे काय, तर चप्पल एकाच जागी घासते, दाब पडतो, मग तिथली कातडी जाड होत जाते आणि मधे खिळ्यासारखा कडक भाग तयार होऊन आत रुततो. वरून सरळ दाबलं की कळ जाते. रंग पिवळट, कातडीचाच. चामखीळ वेगळी, ती एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होते, तळव्यावर झाली तर चालून चालून चपटी होते, दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि वर बारीक काळे ठिपके दिसतात. ते ठिपके पाहून लोक घाबरतात पण ते आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं, बाकी काही नाही.

आता तिसरं, ज्याची मला भीती वाटते. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. "स्किन कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, आपल्याला कुठला" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि आपल्यात तो कमी होतो हे खरंच आहे, पण सावळ्या माणसाला मेलानोमा झाला तर तो बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे जिथे आपण बघतच नाही तिथे. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला पायाच्या बोटाच्या नखाखाली हाच झाला होता, 1977 मध्ये सापडला आणि 1981 मध्ये तो 36 व्या वर्षी गेला.

एक काका आठवतात, मार्केटमध्ये हमाली करायचे, आयुष्य अर्धं अनवाणी गेलेलं. टाचेजवळ रुपयाएवढी जागा, आठ महिने कुरूप समजून आधी ब्लेड, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बिब्बा लावला. बिब्ब्यानं कातडी भाजली आणि सगळ्यांना वाटलं ही बिब्ब्याचीच जखम. मी सलाईननं पट्टी भिजवून हळूच काढली तर मधे लालसर मऊ मांस, हात लागताच रक्त, आणि बाजूला ओल्या कागदावर शाई पसरावी तशी वेडीवाकडी काळपट कड. कुरूपाला अशी कड कधीच नसते. दुखतं का विचारलं तर म्हणाले, "नाही जी, दुखत असतं तर कवाच आलो असतो."

म्हणून दुखत नाही म्हणजे साधं आहे असं धरू नका. चप्पल बदलली, दाब गेला की कुरूप काही आठवड्यांत नरम पडतं. जे नरम पडत नाही, पसरतं, दोन-तीन रंगांचं दिसतं, आपोआप रक्त येतं किंवा महिनाभरात भरत नाही ते डॉक्टरला दाखवा. हा मेलानोमा कधीकधी काळा नसतोच, नुसता गुलाबी मांसल असतो, तेव्हा तर अजूनच फसायला होतं. नखाचंही तसंच, ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं, पण नखात उभी काळी रेघ रुंद होत चालली आणि काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या कातडीवर आला तर थांबू नका.

सनस्क्रीनचं म्हणाल तर मे महिन्यातलं आपलं ऊन चेहऱ्याच्या, कानाच्या कॅन्सरला कारण ठरू शकतं, दुपट्टा, टोपी बांधाच, पण तळपायाच्या मेलानोमाचा उन्हाशी संबंध नाही, तिथे लवकर सापडणं हाच उपाय.

उपचारातला फरक खूप मोठा आहे. कुरूपाला मऊ चप्पल आणि कॉर्न कॅप, म्हणजे कुरूपावर चिकटवायची औषधाची पट्टी, पुरते (शुगरवाल्यांनी कॉर्न कॅप स्वतःच्या मनानं अजिबात लावू नये, पाय बधिर असतो, जखम कळत नाही). मेलानोमाला आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, मग तो किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर बाजूची 1 ते 2 सेंटीमीटर चांगली कातडीही काढावी लागते, कधी बोटच, आणि कॅन्सर पसरलाय का हे बघायला जांघेतली गाठ तपासतात.

ऑपरेशननंतर मांडीची कातडी तळव्यावर लावली असेल तर नातेवाइकांनो, पाय उशीवर उंच ठेवा, पहिली पट्टी साधारण पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतील, वास येतोय म्हणून घरी सोडू नका, आम्हाला फोन करा. त्या पायावर भार द्यायचा नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा नाही, तेवढ्यानंही लावलेली कातडी सरकते. मांडीची जखम खाजते, खपली ओढायची नाही, पूर्ण भरल्यावर खोबरेल तेल लावा. आणि महिन्यातून एकदा आंघोळ झाली की जांघेत बोटांनी चाचपून बघा, घेवड्याच्या दाण्यासारखं काही टणक लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता या.