तटस्थ

तटस्थ (विशेषण; नाम : तटस्थता). तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा असलेला. प्रवाहात न उतरता काठावर थांबलेला, म्हणून कोणाचीच बाजू न घेणारा. जुन्या मराठीत या शब्दाला वेगळी छटाही आहे : आश्चर्याने जागच्या जागी खिळलेला. पोथीत लोक ‘तटस्थ झाले’ असतील, तर ते बहुधा थक्क झालेले असतात.

‘उदासीन’ मुळात जवळचाच, बाजूला बसलेला. आज त्यात अनास्था आली आहे. ‘अलिप्त’ म्हणजे लेप न लागलेला. निवाडा देणारा पंच निःपक्षपाती असावा लागतो. तो तटस्थ राहिला तर निवाडाच होणार नाही. बातम्यांत ही गल्लत नेहमी दिसते.

सभेत हजर असूनही ठरावाच्या बाजूने वा विरोधात मत न देणे म्हणजे तटस्थ राहणे. तटस्थ सदस्य गणपूर्तीत (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत) धरला जातो. गैरहजर किंवा सभात्याग केलेला धरला जात नाही. परिणाम काय होईल, हे मात्र नियमाच्या शब्दांवर ठरते. समजा, हजर १०० पैकी ४० बाजूने, ३५ विरोधात आणि २५ तटस्थ आहेत. ‘उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे बहुमत’ हवे असेल तर ठराव संमत होतो, कारण हिशेब ७५ मतांचा. ‘उपस्थितांचे बहुमत’ हवे असेल तर ५१ मते लागतात आणि ठराव पडतो. दुसऱ्या प्रकारात तटस्थता म्हणजे मुकाट्याने दिलेले विरोधी मतच. इतिवृत्तात तिन्ही आकडे वेगळे न लिहिल्यास पुढे वाद होतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पहिली पद्धत चालते. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनविषयक ठरावावर १४१ बाजूने, ५ विरोधात आणि भारतासह ३५ देश तटस्थ होते. दोन-तृतीयांशाचा हिशेब १४६ मतांवर झाला. सुरक्षा परिषदेत स्थायी सदस्याची तटस्थता नकाराधिकार मानली जात नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियासंबंधीच्या सल्लागार मतात ही प्रथा ग्राह्य धरली.

भारतात आमदार-खासदारांना काठ फारसा मोकळा नाही. १९८५ मध्ये आलेल्या संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश (व्हिप) डावलून मतदानापासून दूर राहणे हेही विरोधी मतदानाइतकेच अपात्रतेचे कारण ठरते. पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले तरच सुटका.