पॅरालीगल : काम आणि कामाची ठिकाणं

वकिलीची सनद नाही पण काम मात्र कायद्याचंच, असा वकिलाच्या हाताखालचा माणूस म्हणजे पॅरालीगल. मदतनीस म्हटलं की लोकांना टायपिंग आणि झेरॉक्स आठवतं, पण तो क्लार्क वेगळा. हा फरक पैशातही दिसतो. अमेरिकेत मिसूरी विरुद्ध जेन्किन्स या १९८९ च्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की हरलेल्या बाजूकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलचे तासही बाजारभावाने धरता येतात, मात्र निव्वळ क्लार्कछाप काम पॅरालीगलच्या दराने लावायचं नाही.

केस आली की सुरुवात कागदांपासून होते. अशिलाकडून कागद गोळा करायचे, कधी काय घडलं याची तारीखवार यादी करायची, साक्षीदारांशी बोलून घ्यायचं, हॉस्पिटल किंवा बँकेकडून रेकॉर्ड मागवायचं, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांचे कच्चे ड्राफ्ट करायचे, जुने निवाडे शोधायचे आणि वकिलाने ड्राफ्टमध्ये दिलेले संदर्भ खरंच तसे आहेत का ते एकेक उघडून बघायचं. हे शेवटचं काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे तसेच दाखल झाले आणि वकिलांना ५००० डॉलर दंड बसला, तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळली. आणि तारखा! मुदत चुकली तर केस कितीही भक्कम असो, बाहेर फेकली जाऊ शकते, म्हणून तारखांचं कॅलेंडर बऱ्याच ऑफिसात पॅरालीगलकडेच असतं.

मोठ्या दाव्यांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते डिस्कव्हरी, म्हणजे ट्रायलच्या आधी दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागद देणं. हजारो ईमेल असतात, प्रत्येक पानावर सलग नंबर टाकायचा (त्याला बेट्स नंबर म्हणतात, हे नाव जुन्या नंबर मारणाऱ्या शिक्क्याच्या मशीनवरून आलं) आणि त्यातून वकील-अशील यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार बाजूला काढायचा. बाजूला काढलेल्याचीही यादी द्यावी लागते, कोणी कोणाला कधी लिहिलं आणि साधारण विषय काय, पण मजकूर फुटता कामा नये. म्हणजे "करारभंगाबाबत कायदेशीर सल्ला मागणारा ईमेल" एवढं लिहायचं, सल्ला काय मिळाला ते नाही. ही एक ओळ बरोबर जमायला डोकं लागतं.

मर्यादा मात्र कडक आहेत. साधारणपणे पॅरालीगल कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, कोर्टात बाजू मांडू शकत नाही, फी ठरवू शकत नाही. अशिलाने फोन करून विचारलं की कागद तयार झाला का, तर उत्तर देता येतं, पण "मग मी सही करू का?" विचारलं की तिथेच थांबायचं आणि फोन वकिलाकडे द्यायचा. प्रत्यक्षात ही रेघ दिवसातून कितीतरी वेळा आडवी येते, कारण अशिलाशी जास्त बोलणं याच माणसाचं होतं. चूक झालीच तर जबाबदारी वकिलाची. याला अपवादही आहेत: कॅनडातल्या ओंटारियोत २००७ पासून पॅरालीगलला लॉ सोसायटीचं (म्हणजे तिथल्या वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं) लायसन्स मिळतं आणि ते छोट्या रकमेचे दावे, ट्रॅफिकच्या केसेस वगैरे स्वतः लढवतात. उलट इंग्लंडमध्ये पॅरालीगल म्हणवून घ्यायला कायद्याची कुठलीच अट नाही, तर कॅलिफोर्नियात शिक्षणाची अट कायद्यातच लिहिलेली आहे.

सगळ्यात जास्त नोकऱ्या लॉ फर्ममध्ये. फर्म छोटी असेल तर एकाच माणसाला सगळं करावं लागतं, मोठीत कोणी फक्त पेटंट, कोणी फक्त इमिग्रेशनचे फॉर्म, कोणी जमिनीच्या व्यवहारातले मालकी हक्काचे कागद बघतो. कंपन्यांच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये कोर्ट क्वचितच दिसतं, तिथे करार कधी संपतोय, बोर्डाच्या मिटिंगचे मिनिट्स झाले का, सरकारी फायलिंग गेलं का हेच चालतं. शिवाय सरकारी वकिलांची ऑफिसं, बँका, विमा कंपन्या.

एक वेगळीच जात म्हणजे वस्तीत किंवा तुरुंगात काम करणारे पॅरालीगल, आणि माझ्या मते गरज सगळ्यात जास्त यांचीच आहे, कारण तिथे वकील पोचतच नाही. मलावीत २००० पासून ते तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना जामीन कसा मागायचा ते शिकवतात. सिएरा लिओनने २०१२ च्या कायद्यात त्यांना मान्यता दिली. भारतात नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २००९ मध्ये पॅरा लीगल व्हॉलंटियरची योजना काढली, हे स्वयंसेवक मानधनावर काम करतात, लोकांचे अर्ज लिहून देतात आणि मोफत वकील मिळवायला विधी सेवा प्राधिकरणापर्यंत नेऊन पोचवतात.