फ्रान्सच्या खेड्यात सुट्टी: व्हिसाची फाईल नेमकी कुठे अडते

दॉर्दोन्य हा नैऋत्य फ्रान्समधला नदीकाठचा भाग. सार्ला गावचा बुधवार-शनिवारचा बाजार, मोंतिन्याक गावी आदिमानवाच्या चित्रांच्या लास्को गुहेची हुबेहूब प्रतिकृती, नदीत होडी वल्हवणं... नातवंडं आणि आजी-आजोबा, सगळेच रमतील अशी जागा. इथे हॉटेलऐवजी ‘जीत’ घेतात, म्हणजे स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने. वरणभाताची सोय होते म्हणून आपली कुटुंबंही हेच निवडतात. आणि फाईल बहुतेक वेळा याच घरापाशी अडते.

अशी घरं, खासकरून जुलै-ऑगस्टमध्ये, शनिवार ते शनिवार मिळतात. मी पाहिलेल्या एका फाईलमध्ये सहा जण होते. विमान गुरुवारी पहाटे पॅरिसला उतरणार, घराची किल्ली शनिवारी दुपारी मिळणार. मधल्या दोन रात्रींचा कागदच नव्हता. वर घरमालकाच्या ईमेलमध्ये नाव फक्त एकाचं, बाकी पाच जण म्हणजे नुसतं ‘कुटुंब’. सहाच्या सहा अर्ज नामंजूर झाले आणि भरलेली फी परत मिळाली नाही. नकाराच्या छापील कागदावर एका चौकोनात फक्त खूण असते. कुठली रात्र, कुठला कागद, हे कुणी सांगत नाही. लोक महिनोन्‌महिने पैसे साठवून निघतात, त्यांना एक ओळ लिहून कळवायला काय हरकत आहे?

म्हणून अर्जाआधी वहीचं एक पान घ्या. उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंत प्रत्येक रात्र एकेका ओळीत लिहा आणि समोर त्या रात्रीचा कागद लिहा. घरमालकाकडून पत्ता, तारखा, भरलेली रक्कम आणि सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या. खर्चाचा हिशेबही यावरच ठरतो. राहण्याचं बुकिंग दाखवलं तर माणशी दिवसाला 65 युरो, नाही दाखवलं तर 120 युरो दाखवावे लागतात.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं साधं निमंत्रणपत्र चालत नाही. ‘आतेस्तासियों दाकॉय’ नावाचा कागद त्यांनी आपल्या गावच्या मेरीतून, म्हणजे नगरपालिका कार्यालयातून, 30 युरोचा सरकारी मुद्रांक (स्टॅम्प) भरून घ्यायचा असतो. लहान गावातली मेरी आठवड्यातून मोजकाच वेळ उघडी असते, घराचे आणि उत्पन्नाचे पुरावेही मागते. मूळ प्रत कुरिअरने भारतात यावी लागते, स्कॅनवर भागत नाही. यासाठी दीड-दोन महिने हाताशी ठेवा. हा कागद असेल तर माणशी दिवसाला दाखवायची रक्कम 32.50 युरोवर येते.

दुसरी अडचण मुलांची. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे आईवडिलांच्या लक्षातच राहत नाही. परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जन्मदाखला जुना, फक्त मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रही लावा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मुलं आजी-आजोबांबरोबर जात असतील तर दोघांचं.

आजी-आजोबांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करत असेल तर तसं पत्र आणि त्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ती ठळक दिसते आणि शंका येते. एफडी मोडली असेल तर तिचा कागद लावा.

बाकी सरळ आहे. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत (या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) चालणारा, जायच्या-यायच्या दिवसांसकट. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. वाटेत स्वित्झर्लंड करणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

तारखेचा घोळ मात्र दरवर्षी होतो. ‘प्रवासाच्या 15 दिवस आधी’ ही अर्ज घेण्याची शेवटची मर्यादा आहे, व्हिसा मिळण्याची हमी नाही. निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. एप्रिलमध्ये पोरांचे पेपर संपायची वाट पाहणाऱ्यांना तारीखच मिळत नाही.

आणि गाडी. जीत गावाबाहेर शेतात असते, दुकान चार-पाच किलोमीटरवर आणि बस क्वचित. आरटीओकडून 1000 रुपयांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो, पण सोबत भारतातला मूळ परवाना लागतोच. तो घरी ठेवून निघू नका.