खुब्याचे हाड आणि भूल : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

घरातील आजी न्हाणीघरात घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि शस्त्रक्रिया ठरते, तेव्हा पुण्यातील कोणत्याही रुग्णालयात नातेवाईक भूलतज्ज्ञांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘पूर्ण भूल देणार की कमरेखालचीच?’ हा. प्रश्न रास्त आहे; मात्र गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राचे लक्ष त्यावरून हळूहळू शस्त्रक्रिया किती लवकर होते आणि रुग्णाची देखभाल कशी होते, याकडे वळले आहे.

ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभे राहिले, तेव्हा ईथर आणि क्लोरोफॉर्म वापरात येऊन वीस वर्षे झाली होती. तरीही खुबा मोडलेल्या वृद्धांना त्यांचा फारसा लाभ नव्हता, कारण मोडलेले हाड आतून पक्के धरून ठेवणारे खात्रीचे साधनच नव्हते. पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवायचे, एवढाच उपाय असे, आणि त्या काळात पाठीवर शय्याव्रण, छातीत न्यूमोनिया किंवा पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन अनेक रुग्ण दगावत. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये तीन पात्यांचा धातूचा खिळा वापरला आणि पुढे १९४० नंतर ऑस्टिन मूर यांच्यासारख्यांनी खुब्याच्या सांध्यात धातूचा बॉल बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा कुठे अशक्त, हृदयविकार असलेल्या वृद्धाला भूल द्यायची कशी, हा प्रश्न रोजचा झाला.

मणक्यातून, म्हणजे कमरेखालची, भूल देण्याची रीत त्याआधीच सापडली होती. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कण्याच्या पोकळीत कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी हिल्डब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरही केला. बीअर यांच्या वेळी सिरिंज सुईला नीट बसली नाही आणि कण्यातील बरेच पाणी वाहून गेले. हिल्डब्रांट यांचे पाय मात्र इतके बधिर झाले की नडगीवर हातोडी मारूनही त्यांना दुखले नाही. नंतर दोघांनाही त्रास झाला. बीअर तर डोके उचलले की दुखते म्हणून कित्येक दिवस पडून होते. आज सुया केसासारख्या बारीक झाल्या आहेत आणि कोकेनची जागा ग्लुकोज मिसळलेल्या ब्युपिव्हॅकेनने घेतली आहे, ज्याला ऑपरेशन थिएटरात नुसते ‘हेवी’ म्हणतात.

फुप्फुसांना त्रास नको, म्हणून वृद्धांसाठी कमरेखालची भूलच बरी, असा समज दीर्घकाळ दृढ होता. अमेरिका व कॅनडातील १,६०० रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा साठ दिवसांत मृत्यू येणाऱ्या किंवा चालता न येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पूर्ण भूल आणि कमरेखालची भूल अशा दोन्ही गटांत सुमारे १८ टक्केच निघाले. चीनमधील ९५० रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमात (वृद्धांचे भान हरपून गोंधळणे) ही ठळक फरक दिसला नाही. दोन्ही पद्धती सारख्याच, असा याचा सरसकट अर्थ लावू नये; विशिष्ट रुग्णासाठी निवड करणे हे भूलतज्ज्ञांचेच काम आहे.

दुसरा धागा इंग्लंडमधील हेस्टिंग्जचा. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अस्थिशल्यचिकित्सक डेव्हस आणि वृद्धरोगतज्ज्ञ अर्व्हिन यांनी अशा रुग्णांची देखभाल एकत्र सुरू केली. ब्रिटनमध्ये २००७ पासून या रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते आणि २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया अपेक्षित आहे. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या २०२० च्या अभ्यासात निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. भ्रम मात्र कमी आढळला आणि रुग्ण लवकर उभे राहिले.

आपल्याकडे शस्त्रक्रियेआधीचा वेळ जातो कुठे? फिजिशियनचा ‘फिटनेस’ यायचा असतो, टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल हवा असतो, विम्याची मंजुरी अडकलेली असते, किंवा सहीसाठी परदेशातील मुलाची वाट पाहिली जाते. तपासण्या अनावश्यक नाहीत, पण ज्या अहवालाने निर्णय बदलणार नाही त्यासाठी थांबण्यात अर्थ नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. ॲस्पिरिनसाठी सहसा थांबावे लागत नाही. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मणक्यातून भूल देताना तेथे रक्तस्रावाचा धोका वाढतो, अशा वेळी आठवडाभर निजवून ठेवण्याऐवजी पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया उरकणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. तोवरच्या वेदनेसाठी सोनोग्राफीत पाहत जांघेजवळच्या नसा बधिर करता येतात, म्हणजे मॉर्फीनसारखी औषधे कमी लागतात आणि पाठीतील इंजेक्शनसाठी रुग्णाला कुशीवर वळवताना तो कळवळत नाही.