जमीन कुळात गेली, खोली अकरा महिन्यांवर आली

रत्नागिरीत भाड्याची खोली शोधायला निघालं की तिसऱ्या-चौथ्या घरी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "देतो हो, पण उद्या कूळ लागायला नको." बोलणारा बहुधा साठीच्या पुढचा, सातबारा-फेरफार तोंडपाठ असलेला. आपण विचारत असतो स्लॅबच्या घराची वरची खोली. त्याच्या डोळ्यांपुढे असतात भाताचे कुणगे. कुळकायदा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर हक्क देणारा कायदा, शेतजमिनीचा; भाड्याच्या खोलीशी त्याचा संबंध नाही, हे समजावून उपयोग नसतो. 'आमची खालची मळी कुळात गेली' हे त्याने लहानपणापासून घरात ऐकलेलं असतं.

कोकणात भाडेकरू हा शब्द तसा अलीकडचा. जुना शब्द कूळ, आणि कुळाच्या वर खोत. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी खोताची. त्या बदल्यात तो कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, पुष्कळदा निम्मा. वर वेठ वेगळी. १८८० च्या खोती सेटलमेंट अ‍ॅक्टने हे देणंघेणं कागदावर आणलं, मोडलं मात्र नाही. यात राहत्या घराची एक बाजू होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कुळाचं घर पुष्कळ ठिकाणी खोताच्याच जमिनीवर असायचं. भिंती आपल्या, वासे आपले, शाकारणी आपली. पायाखालची जागा त्याची. खोताशी वाकडं आलं तर शेताबरोबर चूलही उठायची.

याला पहिला मोठा धक्का दिला अलिबाग तालुक्यातल्या चरीने. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी जमिनी पेरायच्याच नाहीत असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ते तग धरून राहिले. सहा वर्षं शेत ओस ठेवणं म्हणजे काय, हे भातावर जगणाऱ्यालाच कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढल्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले. विधेयक तेव्हा पास झालं नाही. पण १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला, १९४८ साली कुळकायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन: त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

कुळकायद्याचं सोळावं आणि सतरावं कलम फार थोड्यांना माहीत असतं. जमीनमालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल, तर त्याला तिथून सहजी उठवता येणार नाही. मालकाने ती जागा विकायला काढली, तर पहिला हक्क कुळाचा. शेतमजूर आणि गावातले कारागीर यांच्या घरांनाही हे संरक्षण दिलं गेलं. डोक्यावरच्या छपराचा हक्क कोकणच्या गावांत आला तो असा, शेताच्या मागून.

आता दुसरं टोक, मुंबई. खोताच्या गावात पोट भरेना म्हणून रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले पुरुष बोटीने गिरण्यांत गेले. एकेका गावाची मंडळी मिळून चाळीत खोली घ्यायची, दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने त्याच जमिनीवर पाठ टेकायचे, ट्रंका भिंतीला रांगेत. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये सरकारने पहिल्यांदा लगाम घातला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख पायाभूत धरली. पगार वाढले, भाव वाढले, भाडं मात्र जवळपास तिथेच थिजलं. चाकरमान्याला मुंबईत पाय रोवता आले ते या कायद्यामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवं बांधणं सोडलं आणि पागडी, म्हणजे खोली देताना वर घ्यायची रोख रक्कम, टेबलाखालून सुरू झाली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता समर्थनीय राहिलेलं नाही असं म्हटलं, पण कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून तो रद्द केला नाही.

मधल्या काळात मालकांनी पळवाट शोधली होती. भाडेकरार करायचाच नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' करायचं, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. परवानगी काढून घेता येते. सरकारने १९७३ मध्ये ही वाट एका फटक्यात बुजवली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते सगळे भाडेकरू मानले गेले. राहणाऱ्यांचं भलं झालं खरं, पण ज्याने तो दिवस पाहिला त्या मालकाने पुढची खोली कुलूपबंद ठेवणंच पसंत केलं. कोकणी माणसाकडे तर दोन्हीकडच्या आठवणी. गावची जमीन कुळात, मुंबईची खोली भाडेकरूच्या ताब्यात. कधी त्याचा फायदा झाला, कधी तोटा. मनात राहिला तो तोटा.

३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा या सगळ्यावरचा तोडगा. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडी उघड्यावर आली, मोठ्या कंपन्यांचं संरक्षण गेलं. आणि लायसन्सवर राहणारा भाडेकरू नाही, हे पक्कं झालं. मुदत संपली की त्याने जागा सोडायची; न सोडल्यास ठरल्या रकमेच्या दुप्पट भरायची. नव्याने खोली घेणारा जवळपास प्रत्येक जण आज याच खान्यात येतो. शिवाय हा कायदा राज्यभर सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या ठिकाणांनाच तो लागतो. बाकी खेडोपाडी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, म्हणजे महिन्याच्या बोलीवरच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस.

भाड्याचा करार नेहमी अकरा महिन्यांचाच का, हे गूढही इथेच सुटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून एक महिना कमी. हा हिशेब महाराष्ट्रात, भाडे नियंत्रण कायदा लागतो तिथे, केव्हाच निकामी झाला आहे: १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार कितीही मुदतीचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरी बाजारपेठेत टंकलेखकाकडे गेलात तर स्टॅम्पपेपरवर तोच जुना मसुदा, नोटरीचा शिक्का, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'सदर जागेत कोणताही भाडेकरू हक्क अगर कूळ हक्क प्राप्त होणार नाही'. कूळ हक्क! खोली दहा बाय बाराची, खिडकीतून दिसते पाण्याची टाकी.

खोल्या कमी आहेत असंही नाही. कोकणातल्या कुठल्याही वाडीत फिरा, निम्मी घरं बंद वाटतील. घर सामाईक, उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची डझनभर नावं, किल्ली शेजारच्या काकूंकडे. गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. भाड्याने द्यायचं तर करारावर सही कुणाची, इथून वाद. आणि समुद्राजवळचं घर असेल तर मे महिन्यात, डिसेंबरात एका रात्रीला जे मिळतं ते पाहून मास्तरला, नर्सला, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या हेल्परला महिन्याने खोली कोण देणार? सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, कॉलेजं आली, इस्पितळं आली. तिथे काम करणाऱ्यांनी राहायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही.

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, घरात शिरण्याआधी २४ तासांची सूचना, तक्रारीसाठी वेगळं भाडे प्राधिकरण. राज्यांवर तो बंधनकारक नाही. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात विद्यार्थी, नोकरदार महिला आणि औद्योगिक कामगार यांच्या घरांचा विचार आहे, आणि तो हवाच होता. पण माझ्या मते कोकणात पहिलं काम बंद कुलपांचं आहे: मालकाला जागा परत मिळण्याची खात्री आणि राहणाऱ्याला तीन-चार वर्षं न उठवण्याची, दोन्ही एकाच नोंदवलेल्या कागदावर. लायसन्स साठ महिन्यांपर्यंतचं करता येतं, मुद्रांक शुल्कही पाव टक्काच. करत कुणी नाही.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका नर्सताईंचा करार वाचायला आला. सुरुवात १ ऑक्टोबर, शेवट ३१ ऑगस्ट. मला वाटलं, नेहमीचे अकरा महिने. त्या म्हणाल्या, "नाही हो, सप्टेंबरात गणपतीला मुंबईची माणसं येतात. तेवढा महिना मी सामान गोठ्यात ठेवते आणि मैत्रिणीकडे राहते. मग परत नवा करार."