यूआरएलमधला सेपरेटर आणि सेशन आयडी

वेबपेजच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमधे, प्रश्नचिन्हानंतर जी माहिती लागते ती क्वेरी स्ट्रिंग, आणि तिच्यातल्या दोन गोष्टींच्या मधे जे चिन्ह येतं तो सेपरेटर, बहुतेक ठिकाणी &. सेशन आयडी म्हणजे सर्व्हरने आपल्याला दिलेला लांबलचक, अंदाज न लागणारा नंबर, एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात ती पद्धत) मागचं काही आठवत नाही म्हणून पुढच्या क्लिकला त्याच्यावरूनच ओळख पटते.

घोळ असा की एचटीएमएलमधे, म्हणजे पेज लिहायच्या भाषेत, & ला आधीच दुसरं काम आहे, तिथून खास चिन्हांची नावं सुरू होतात. समजा नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्स दुकानाचं पेज कोणी बनवून राहिलं आहे आणि लिंक आहे ऑर्डर?पान=12&कॉपी=5, नावं अर्थात रोमन लिपीत. पेजच्या मजकुरात ती तशीच टाकली तर ब्राउझर &कॉपी ला कॉपीराइटचं चिन्ह समजतो आणि छापतो ऑर्डर?पान=12©=5. लिंकच्या आत हल्लीचे ब्राउझर सांभाळून घेतात, पण बरोबर रीत एकच, एचटीएमएल लिहिताना & च्या जागी &एएमपी; लिहायचं.

पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत ट्रान्स-एसआयडी नावाची सेटिंग चालू असली की ती साइटच्या स्वतःच्या प्रत्येक लिंकला आपोआप सेशन आयडी चिकटवते, तेही साध्या & ने, म्हणून एक्सएचटीएमएलच्या (एचटीएमएलचं कडक नियमांचं रूप) काळात सगळं नीट लिहूनही पेज व्हॅलिडेटरमधे (नियम तपासणारं साधन) नापास व्हायचं. उपाय म्हणून लोक आर्ग-सेपरेटर-आउटपुट ही सेपरेटर ठरवणारी सेटिंग बदलून &एएमपी; करायचे, पण मग तेच क्वेरी स्ट्रिंग बनवणाऱ्या एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी फंक्शनलाही लागू होतं, आणि त्यातून बनलेला पत्ता रीडायरेक्टला (ब्राउझरला दुसऱ्या पेजवर पाठवायला) दिला की सर्व्हरला 'कॉपी' ऐवजी 'एएमपी;कॉपी' नावाची गोष्ट मिळते, अशी चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते. माझं मत, ही सेटिंग जशी आहे तशी राहू द्या आणि लिंक छापताना अशी चिन्हं बदलून देणारं एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स फंक्शन वापरा. एचटीएमएल 4.01 ने 1999 मधे सर्व्हरने & सोबत अर्धविरामही सेपरेटर म्हणून घ्यावा असं सुचवलं होतं, पण ते फार रुजलं नाही, पायथन भाषेने तर 2021 मधे कॅशच्या (पेजच्या साठवलेल्या प्रतींच्या) सुरक्षेपायी डीफॉल्टमधून अर्धविराम काढून टाकला.

खरा धोका मात्र आयडी पत्त्यात असण्याचाच आहे. आमच्या ओळखीच्या एका पोराने फॉर्म भरता भरता वरचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, की बाबा इथे भरा, आणि पुढच्या दोघांनी उघडल्यावर त्यांना त्याचाच अर्धा भरलेला फॉर्म दिसला, मार्कशीटसकट. शिवाय पत्ता ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमधे राहतो, रेफररमधून (आधी कोणत्या पेजवर होतो ते सांगणारी नोंद) दुसऱ्या साइटकडेही जाऊ शकतो. उलट बाजूने कोणी स्वतःचा आयडी असलेली लिंक पाठवून तुम्हाला त्यावर लॉगिन करायला लावू शकतो, त्याला सेशन फिक्सेशन म्हणतात, म्हणून लॉगिन होताच पीएचपीच्या सेशन-रीजनरेट-आयडी फंक्शनने नंबर बदलायचा.

आयडी कुकीतच (ब्राउझर साठवून ठेवतो ती छोटी नोंद) ठेवावा, एचटीटीपी-ओन्ली (पेजवरच्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही) आणि सिक्युअर (ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते) लावून. पीएचपीत फक्त कुकी वापरायची सेटिंग 5.3 पासून (2009) आपोआप चालू असते, आणि 8.4 मधे (2024) ती बंद करणं किंवा ट्रान्स-एसआयडी चालू करणं डेप्रिकेटेड (अजून चालतं, पण वापरू नका असं) झालं, जुना प्रोजेक्ट हाती आला तर आधी हेच दोन तपासायचे.