मॅग्नेट पुलर आणि बेअरिंग पुलर: नाव एक, काम निराळं

मॅग्नेट म्हणजे मोटरसायकलच्या क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टवर बसणारं, वीज तयार करणारं चुंबकाचं चाक. पुलर म्हणजे घट्ट बसलेली वस्तू ओढून काढायचं अवजार. गाड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर 'मॅग्नेट निघत नाही, घरच्या घरी पुलर कसा बनवू?' असं कुणी विचारलं की दहा मिनिटांत उत्तर हजर असतं. लोखंडी पट्टीचे तीन तुकडे घे, टोकं आकड्यासारखी वाकव, मधे नट वेल्ड कर, लांब बोल्ट घाल, झाला पुलर. खाली चारजण 'लय भारी' म्हणतात. आठवड्याने तोच मुलगा पुन्हा येतो. आता गाडी चालू होत नाही, झालीच तर आतून खडखडते.

ती कृती चुकीची नाही, बेअरिंग पुलरची आहे. मॅग्नेटला ती लावायची नसते, एवढंच कुणी सांगत नाही.

तीन टांगांचा पुलर तुम्ही पाहिलेला असणार, वापरलेलाही असेल. टांगा वस्तूच्या मागच्या कडेला अडकवायच्या, मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर टेकवायचा आणि फिरवत राहायचं. टांगा दोन की तीन यावरून वाद घालणाऱ्यांना मी हात जोडतो. जागा असेल तर तीन घ्या, नसेल तर दोन.

खरा गोंधळ अवजारात नाहीच, तो अडकण्यात आहे. वस्तू शाफ्टवर कशामुळे बसली आहे, हे न बघता आपण ती कशाने ओढायची ते ठरवतो.

स्वयंपाकघरात चला. स्टीलचा पेला पेल्यात अडकतो. ओढून निघत नाही, पिळून निघत नाही. मग आई बाहेरच्या पेल्याला हळूच ठोकते किंवा आतल्यात बर्फाचं पाणी घालून बाहेरचा गरम पाण्यात धरते. 'टक्' होतं आणि पेला निघतो. अर्धा निघून पुन्हा अडकला, असं कधी होत नाही. एक केसभर हलला की सुटलाच. थर्मासच्या बुचाचं मात्र तसं नाही. ते अर्धं बाहेर आलं तरी उरलेलं अर्धं धरूनच असतं, शेवटपर्यंत ओढावं लागतं.

मॅग्नेट म्हणजे पेला आणि बेअरिंग म्हणजे बूच.

मोटरसायकलच्या क्रँकचं मॅग्नेटकडचं टोक टेपर असतं, म्हणजे निमुळतं, आणि मॅग्नेटचं भोकही आतून तितकंच निमुळतं. नट आवळला की एक निमुळता भाग दुसऱ्यात रुततो. टेपर १:५ धरा, म्हणजे ५ मि.मी. लांबीला व्यास १ मि.मी.ने कमी. कोन इतका लहान असतो की नट काढला तरी घर्षणच मॅग्नेटला जागेवर धरून ठेवतं. पण हेच मॅग्नेट ०.१ मि.मी. पुढे सरकलं, तर व्यासात ०.०२ मि.मी. फट पडते आणि पकड संपते. म्हणजे मॅग्नेट पुलरला लांब ओढायचंच नसतं. त्याला एकदाच, प्रचंड जोराने, केसभर हलवायचं असतं.

बेअरिंगचं गणित वेगळं. ६३०२ नंबरचं बेअरिंग घ्या: आतला व्यास १५, बाहेरचा ४२, रुंदी १३ मि.मी. ते चाकाच्या हबमध्ये प्रेस फिट बसतं, म्हणजे सरळ भोकात सरळ वस्तू, फक्त भोक जरासं घट्ट. इथे केसभर हलून काही सुटत नाही. साधारण तेरा मि.मी. सगळा प्रवास जोर लावतच करावा लागतो. म्हणून त्या पुलरला लांब बोल्ट हवा, सरळ ओढ हवी आणि धीर हवा.

जाता जाता क्रँक आणि मॅग्नेट यांच्या खाचेत बसणाऱ्या अर्धचंद्राच्या चावीबद्दल. ती चावीच मॅग्नेटला धरून ठेवते, असं समजणारे मेकॅनिकही मी पाहिले आहेत. चावी फक्त मॅग्नेट कुठल्या कोनात बसवायचं ते ठरवते, म्हणजे टायमिंग. भार टेपर घेतो. टेपरला तेल लागलं, घाण राहिली किंवा नट ढिला राहिला, की मॅग्नेट घसरतं, चावी कापली जाते आणि गाडी किक परत मारायला लागते. बसवताना दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलने पुसून कोरडे करा. ग्रीस लावून बसवणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, टांगांचा पुलर मॅग्नेटला लावल्यावर काय होतं? मॅग्नेट ही एक वाटी आहे. मधला जाड हब आणि बाहेरची वाटी बऱ्याच गाड्यांत रिव्हेटने जोडलेली असते आणि वाटीच्या आत चुंबक चिकटवलेले असतात. टांगा अडकतात वाटीच्या कडेला, पकड असते हबच्या पोटात. तुम्ही ओढता कड, हब हलत नाही, मधल्या मधे वाटी वाकते नाहीतर रिव्हेट ढिले होतात. माझ्या भाच्याने हेच केलं. मॅग्नेट निघालं, तो खूश, मला फोटोही पाठवला. परत बसवल्यावर वाटी क्रँकबरोबर लटपटत फिरू लागली आणि आतल्या कॉइलला घासली. मॅग्नेट गेलं, कॉइल गेली. 'मामा, पुलर तर मस्त बनला होता,' हे वर. बनला होता खरंच मस्त. आज तोच पुलर माझ्याकडे आहे आणि मी त्याने बेअरिंग काढतो.

हातोडीवाल्यांचं तर काय बोलावं. मॅग्नेटच्या कडेवर ठोकलं तर आतले चुंबक तडकतात. क्रँकच्या टोकावर नुसतंच ठोकलं तर आटे चेपतात आणि प्रेस करून जोडलेला क्रँक तिरका होऊ शकतो. गॅसची ज्योतही नको. चुंबकाचा डिंक सुटतो आणि मागे रबराचं ऑईल सील असतं.

मॅग्नेट बनवणाऱ्याने सोय करून ठेवलेली असते. हबला आटे पाडलेले असतात, कधी बाहेरून, कधी आतून. ते शोभेला नाहीत आणि कुठल्या हरवलेल्या नटाचेही नाहीत. पुलर तिथे बसतो. हब धरून ओढलं की जोर नेमका पकड आहे तिथेच लागतो.

आता घरी बनवायचं कसं. बाहेरून आटे असतील तर टोपी हवी, आतून असतील तर बोल्ट. आतल्या आट्याला हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट 'बसतोय की' म्हणून फिरवू नका. एम १६ चा, म्हणजे १६ मि.मी. व्यासाचा साधा बोल्ट २ मि.मी. पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) मिळतो आणि हबचे आटे बारीक, बहुतेक १.५ किंवा १ चे असतात. दोन वेढे जातो, मग जड होतो, तुम्हाला वाटतं गंज आहे, तुम्ही पाना लावता आणि हबचे आटे जातात. त्यानंतर कुठलाच पुलर उपयोगाचा नाही. व्हर्नियरने व्यास मोजा, थ्रेड गेजने पिच बघा आणि आटा उजवा की डावा तेही बघा. काही मॅग्नेटना डावा आटा असतो. मग 'सुलट' दिशेने कितीही फिरवा, टोपी पहिला वेढाही धरणार नाही.

आटे पाडायला लेथवाल्याकडेच जावं लागतं. त्यात कमीपणा नाही, आपल्याकडे तो प्रत्येक गल्लीत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टर्नरमामांनी मान वर न करता विचारलं, "पिच किती?" मला माहीत नव्हतं. "मग मॅग्नेट आण जा." मी म्हटलं, "मॅग्नेट निघत नाही, म्हणूनच तर आलोय मामा." तेव्हा कुठे त्यांनी मशीन बंद करून माझ्याकडे पाहिलं. शेवटी अख्खी गाडीच ढकलत नेली.

टोपीसाठी ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा गोल बार सांगा. आतून हबचा आटा आणि माथ्याच्या मधोमध एम १४ चा आटा आरपार. बोल्ट ८.८ ग्रेडचा किंवा त्याहून वरचा घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. बिनआकड्याचा मऊ बोल्ट पिळला जातो आणि त्याचं टोक मशरूमसारखं पसरून टोपीतच अडकतं. मग पुलर काढायला पुलर बनवा. जोराचा अंदाज यावा म्हणून सांगतो: २० सें.मी.च्या पान्यावर २५ किलो जोर दिला तर ५० न्यूटन-मीटर होतात आणि एम १४ च्या बोल्टातून साधारण पावणेदोन टन ओढ निघते. पाइप लावून पाना लांब करायची गरजच पडत नाही.

वापरताना क्रँकचा नट पूर्ण काढू नका. टोपीत जागा असेल तर तो क्रँकच्या टोकाशी सपाट येईल इतकाच मागे फिरवून ठेवा. टोकाचे आटे वाचतात आणि मॅग्नेट सुटलं की उडून पायावर पडत नाही. पुलरचा बोल्ट आणि क्रँकचं टोक यांच्यामधे पितळेचा तुकडा ठेवा. टोपी हबवर पूर्ण, शेवटच्या वेढ्यापर्यंत बसवा. हा नियम मोडलात तर बाकीचे पाळून उपयोग नाही. मॅग्नेट पट्ट्याच्या होल्डरने धरा, प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवू नका. बोल्ट आवळा आणि जड झाला की थांबा. आता बोल्टाच्या डोक्यावर, सरळ रेषेत, हातोडीचा एकच कडक ठोका. ठोका पुलरच्या बोल्टावर, मॅग्नेटवर नाही. नाही सुटलं तर पाव वेढा आवळा, पुन्हा एक ठोका. तरी नाही, तर तसंच ताणावर ठेवून जेवायला जा. माझं एक मॅग्नेट मी हात धूत असताना सुटलं, आवाज मोरीपर्यंत आला.

वेस्पा घराण्यातल्या जुन्या स्कूटरांत तर पुलर आधीच बसवलेला असतो आणि लोक तोच काढून टाकतात. हबच्या तोंडाशी एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी असते, नट तिच्या मागे. नट सोडत गेलं की तो सर्क्लिपला टेकतो, जड होतो, आणखी फिरवला की तोच मॅग्नेटला बाहेर ओढतो. आपले पठ्ठे काय करतात? 'नट अडकतोय' म्हणून आधी सर्क्लिप उपटतात, फेकून देतात आणि मग विचारतात, पुलर कुठे मिळेल.

बेअरिंगकडे थोडक्यात. शाफ्टवरचं बेअरिंग काढायचं असेल तर टांगा आतल्या रिंगला धरल्या पाहिजेत. बाहेरची रिंग ओढलीत तर सगळा जोर गोळ्यांतून जातो आणि रिंगवर खळगे पडतात. चाकाच्या हबमधलं बेअरिंग काढताना टांगा कामाच्याच नाहीत, कारण मागे हात घालायला जागा नसते. दोन बेअरिंगमधला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, अगदी चिकटून असतो, त्यामुळे मागून पंच लावायलाही कड सापडत नाही. इथे माझं आवडतं घरगुती अवजार: बेअरिंगच्या भोकात जेमतेम जाईल असा गोल रॉड, टोकाला हॅक्सॉने तीन-साडेतीन सें.मी. चीर. चिरेचं टोक बेअरिंगमध्ये घाला, दुसऱ्या बाजूने स्पेसरमधून पाचरीसारखा घासलेला रॉड त्या चिरेत ठोका. चीर फाकते, आतली रिंग पकडते आणि पुढच्या ठोक्यांना बेअरिंग बाहेर सरकू लागतं. ओढ गोळ्यांतून जातेच, तेव्हा असं निघालेलं बेअरिंग परत बसवायचं नाही. मागून वाटच नसेल तर भिंतीत ठोकायचा अँकर बोल्ट हेच काम करतो, आवळला की आत फुगतो.

त्याआधी सील आणि सर्क्लिप काढा आणि हब तापवा. ॲल्युमिनियमचा हब ७० अंशांनी तापला तर ४२ मि.मी. व्यासाचं भोक बेअरिंगपेक्षा ०.०३ मि.मी. जास्त मोठं होतं. प्रेस फिटमध्ये एवढं पुष्कळ. उकळतं पाणी ओतलं तरी चालतं.

तिसरा प्रकार कारच्या क्रँक पुलीचा. तिला बहुधा दोन-तीन आट्याची भोकं दिलेली असतात. १२ मि.मी. जाड पट्टी, त्याच मापाची भोकं, मधे नट वेल्ड केलेला, इतकं पुरतं. तिथेही टांगा नकोत, कारण बऱ्याच पुल्यांची बाहेरची रिंग आणि आतला हब यांच्यामध्ये रबर असतं. कड ओढली की रबर सुटतं, हब जागच्या जागी राहतो आणि रिंग तुमच्या हातात येते.